सुरुंग उडाला की कायदा लागतो

जुन्नरच्या लेण्यांमध्ये दानलेख आहेत. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम गुंतवली, अशा नोंदी त्यांत आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात कारागिरांच्या संघटना होत्या आणि लोकांनी बिनघोर पैसा ठेवावा एवढी त्यांची पत होती. त्याच काळ्या दगडावर आज ज्याचं पोट आहे, त्याला कुठल्या श्रेणीत धरायचं हे मात्र स्वतंत्र भारताच्या कायद्यांना फार काळ ठरवता आलं नाही. कधी तो खाणकामगार, कधी बांधकाम मजूर, बहुतेक वेळा कोणीच नाही. या घोळाचा इतिहास जुन्नरशेजारच्या मंचरमध्ये बसून सांगता येत नाही. त्यासाठी आधी धनबादला आणि मग फरिदाबादला जावं लागतं.

खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोळसा येतो, फार तर कोलारचं सोनं. मंचर, नारायणगाव, जुन्नर या पट्ट्यात डोंगराची कड खरवडून काढलेली दिसते, खाली खडी मशीन चालू असतं, पण त्याला कोणी सहसा खाण म्हणत नाही. ‘क्रशर’ म्हणतात. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं, त्यांचे कालवे, पुणे-नाशिक रस्ता, उसाच्या आणि टोमॅटोच्या पैशातून उठलेले बंगले हे सगळं मोजायचं तर ब्रासमध्ये मोजावं लागेल. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट दगड.

हा ब्रास निघतो कसा? वरची माती आणि मुरूम काढला की कॉम्प्रेसरवर ड्रिल लावून कातळात ओळीने भोकं पाडतात. भोकात जिलेटिनच्या कांड्या, डिटोनेटर, आणि तोंडाशी ठासलेली माती. मग लाल फडकं, आरोळी, आणि माणसं आडोशाला. सुरुंग उडाला की कातळ सुटतो, पण सगळेच धोंडे मशीनच्या जबड्यात जाण्याएवढे लहान नसतात. मोठे धोंडे पूर्वी घणानेच फुटायचे. आता ब्रेकर आला तरी घण गेलेला नाही. दगडाची शीर कुठे आहे हे बघून घाव घालावा लागतो, नाहीतर घण उसळून अंगावर येतो. मशीनखाली खडी वेगळी, कच वेगळी, भुकटी वेगळी पडते. भुकटी तेवढ्यावर थांबत नाही. ती पालात येते, पाण्याच्या हंड्यावर साय धरते, झोळीत निजलेल्या पोराच्या पापण्यांवर बसते.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या वडारांचं. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. म्हणजे इंग्रजी अमलातला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली पुसला गेला त्यांतले हे. पुढे त्यांच्याबरोबर कर्नाटकातले, मराठवाड्यातले आणि मग उत्तरेकडचे मजूर आले. सगळ्यांची रीत एकच. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड घेऊन खाणीवर यायचं, मजुरी ब्रासवर, आणि हंगामाच्या शेवटी हिशोब मुकादमाच्या वहीत. ती वही मजुराला वाचता येत नाही.

अशा ठिकाणी असंतोष कसा दिसतो, हे समजून घेतलं पाहिजे. गिरणीत संप होतो, फाटकावर सभा होते. पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरच्या घराण्यातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. खाणीवर रविवारही नसतो आणि फाटकही नसतं. तिथे एखाद्या सकाळी पालं रिकामी दिसतात, एवढंच. मालकाच्या भाषेत मजूर पळाला, उचल बुडवली. मजुराच्या बाजूने बघितलं तर तो त्याला परवडणारा एकमेव संप असतो.

१९४३ साली धनबादजवळच्या झरियाच्या कोळशाच्या पट्ट्यात असाच एक संप झाला. त्यालाही कोणी संप म्हटलं नाही.

महायुद्ध ऐन भरात होतं. रेल्वे, पोलाद आणि दारूगोळ्याचे कारखाने कोळशावर चालत होते आणि नेमका कोळशाचा उपसा घसरत होता. कारण सरळ होतं. बंगाल-आसामात विमानतळ आणि लष्करी रस्ते बांधले जात होते, तिथले ठेकेदार जास्त पैसे देत होते, आणि तेही उजेडात, जमिनीच्या वर. धान्य महाग झालेलं. मजूर खाण सोडून निघून गेले. सरकारने गोरखपूरकडून मजुरांच्या तुकड्या आणून कोळशाच्या खाणींत घातल्या, आणि १९३७ पासून बंद असलेली एक गोष्ट पुन्हा सुरू केली. बायकांना खाणीच्या पोटात उतरवायची परवानगी दिली. सुरुवात मध्य प्रांतापासून झाली, म्हणजे आजच्या विदर्भातल्या कोळशाचाही त्यात समावेश होता.

ही परवानगी देणाऱ्या खात्याचे प्रमुख होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले होते. त्यांच्या कारकिर्दीतला हा अडचणीचा निर्णय आहे, आणि चरित्रकार तो घाईने ओलांडून जातात. महिला संघटना खवळल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर जोरदार चर्चा झाली. रेणुका राय यांनी सरकारला धारेवर धरलं. आंबेडकरांनी ही सवलत युद्धापुरती, नाइलाजाची आहे असं सांगितलं, आणि अटी मोजून दाखवल्या. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या गॅलरीत बायकांना काम देता येणार नाही. आणि मजुरी पुरुषाइतकीच. समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशातल्या एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे, असं ते म्हणाले. युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी १९४६ पासून, बंदी पुन्हा लागू झाली. अटी चांगल्या होत्या हे मान्य करूनही माझं मत असं की निर्णय चुकीचाच होता. मजूर का पळाले याचं उत्तर कमी मजुरीत होतं. ती वाढवण्याऐवजी आधी बायकांना खाली पाठवलं गेलं.

पण आंबेडकर तिथे थांबले नाहीत, आणि खरी गोष्ट पुढे आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले. झरियाच्या एका खाणीत चारेकशे फूट खाली उतरून कोळसा कापणारे मजूर पाहिले, वर येऊन त्यांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. तिकडे त्या खोल्यांच्या रांगांना ‘धौरा’ म्हणतात. मंत्र्याने खाण पाहायला जाणं आता नवलाचं नाही. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळातला माणूस पिंजऱ्यात उभा राहून खाली जातो, हे नवल होतं. महिन्याभराच्या आसपास, जानेवारी १९४४ च्या शेवटी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

या वटहुकमाची करामत त्याच्या हिशोबात आहे. मालकाला ‘मजुरांची काळजी घ्या’ असं सांगून भागत नाही, हे सर्वांना माहीत होतं. म्हणून खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवला आणि तो वेगळ्या निधीत जमा केला. घरं, पाणी, दवाखाने, मलेरियाचा बंदोबस्त, शिक्षण यांवर खर्च करायचा. सल्ला द्यायला समिती, तिच्यात मालकांचे आणि कामगारांचेही प्रतिनिधी. कोळसा जितका निघेल तितका पैसा जमेल. एखादा मालक दयाळू आहे की कद्रू, यावर दवाखाना अवलंबून राहणार नाही.

त्याच काळात दिल्लीत मराठी माणसांची एक फळीच या कामात होती, आणि तिची आठवण फारशी कोणाला नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष डी. व्ही. रेगे. तीन डझनांहून जास्त उद्योगांची पाहणी झाली. त्यांतला कोळशाच्या खाणींवरचा अहवाल एस. आर. देशपांडे यांचा. त्याच समितीतले बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली, तिच्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा, आपल्या बोलण्यातला ‘ईएसआय’, आला. १९४६ साली खाणींवर पाळणाघरांचे आणि वर येताच अंघोळीची सोय करण्याचे नियम झाले. युद्ध संपताच कोळशाच्या पट्ट्यात उघड संप सुरू झाले, तेव्हा १९४७ मध्ये सलोखा मंडळ नेमलं गेलं. त्याच्या निवाड्याने मजुरी वाढली आणि पुढच्या वर्षी भविष्य निर्वाह निधी आणि बोनसचा कायदा झाला.

कोळशाचं सगळं भलं झालं असं नाही. १९६५ साली धोरीत आणि १९७५ साली चासनाळ्यात शेकडो माणसं खाणीत गेली. पण मजूर ‘पळून’ जाण्याऐवजी भांडू लागला, आणि भांडायला त्याच्याजवळ कागद होता, दवाखान्याचा पत्ता होता, समितीत माणूस होता. अशांतता मिटते ती अशी. ती नाहीशी होत नाही, तिला जायला दार मिळतं.

यानंतर निधींचं एक कुटुंबच झालं. १९४६ साली अभ्रक, १९६१ साली लोखंड, १९७२ साली चुनखडी आणि डोलोमाइट, १९७६ साली मँगनीज. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणीतला मजूरही त्यात आला. काळा दगड आला नाही. बेसाल्ट हे गौण खनिज. त्याची परवानगी जिल्ह्यात मिळते, रॉयल्टी महसूल खातं घेतं. ज्या दगडाने अख्खा दख्खन बांधला, त्याच्यावर केंद्राचा कल्याण निधी कधी झालाच नाही. (बाकीचे उपकरही पुढे रद्द झाले, त्यामुळे आता सगळे एका पंगतीला बसले आहेत.)

दुसरीकडेही दार बंदच. आडारकरांच्या विमा योजनेच्या कायद्यात कारखान्याची व्याख्या करताना खाणी वगळल्या. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा झाला, एक टक्का उपकर आला, पण त्यातही जिथे खाण कायदा लागू आहे ते काम वगळलं. म्हणजे दगडफोड्याला एका खिडकीवर सांगायचं, तू खाणीतला, तुझं इथे काही नाही. आणि खाणीच्या खिडकीवर जावं तर तिथे विचारायचं, ही खाण आहे का?

हा शेवटचा प्रश्न खरोखर विचारला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयात.

२५ फेब्रुवारी १९८२ ला स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिलं. दिल्लीला खेटून असलेल्या, हरियाणातल्या फरिदाबादच्या दगडखाणींत वेगवेगळ्या राज्यांतून आणलेले मजूर वेठबिगार म्हणून अडकले आहेत, एवढा त्याचा मतलब. न वकीलपत्र, न मुद्रांक. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि दोन वकील तपासायला पाठवले. त्यांनी जे लिहून आणलं ते कुठल्याही खाणीवर राहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. धुळीने श्वास घेणं कठीण. प्यायला नाल्याचं पाणी. दगडावर दगड रचून केलेल्या भिंती, वर गवत, आत उभं राहता येणार नाही एवढी उंची. जखमी झालेल्याला औषध नाही, भरपाई नाही. भोक पाडायचा आणि सुरुंगाच्या दारूचा खर्च मजुरांच्याच कमाईतून. काहींना खाण सोडून जायला बंदी. नंतर दिल्लीच्या आयआयटीतले डॉ. पटवर्धन यांनी न्यायालयाच्या सांगण्यावरून सामाजिक आणि कायदेशीर बाजूंची सविस्तर पाहणी केली.

हरियाणा सरकारने पत्र ही याचिकाच नव्हे, असा आक्षेप घेतला. त्याहून मोलाचा वाद खाण कायद्याचा होता. १९५२ च्या कायद्यात दगड, मुरूम, वाळू काढणाऱ्या लहान खाणींना बरीचशी सूट होती, पण तिला अटी होत्या: खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासच्या आत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. न्यायालयाने शेवटच्या अटीवर बोट ठेवलं. या खाणींत सुरुंग लावतात, म्हणून सूट नाही. ही खाणच आहे, आणि इथला मजूर खाणकामगार आहे. १६ डिसेंबर १९८३ ला निकाल आला. पिण्याचं पाणी, क्रशरवर धूळ बसवायला पाण्याचा फवारा, दवाखाना, शौचालय, मुलांना शाळा असे एकवीस निर्देश त्यात होते. त्यांतला एक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: मजुरांना त्यांचे हक्क समजावून सांगायला खाणीवरच शिबिरं घ्यायची.

अंमलबजावणीचं म्हणाल तर १९९१ साली हेच प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आलं, तेव्हा काम समाधानकारक झालेलं नव्हतं. तरीही एक गोष्ट कायमची ठरून गेली. सुरुंग उडाला की कायदा लागतो. मंचरजवळच्या खाणीत भर दुपारी जो धडाका ऐकू येतो, त्याने त्या मजुराचं कायद्यातलं नाव ठरतं.

ठरलेलं नाव मजुरापर्यंत पोचवणं मात्र न्यायालयाला जमत नाही. ते काम कोणी तरी खाणीत जाऊन करावं लागतं. पुणे जिल्ह्यात ते वाघोलीत झालं. १९९७ साली पल्लवी आणि बस्तू रेगे यांनी ‘संतुलन’ संस्था सुरू करून वाघोलीच्या दगडखाणीतच मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव ‘पाषाण शाळा’. मुलांना गावातल्या शाळेत न्यायचं नाही, शाळाच खाणीत आणायची, असा साधा विचार. आईबाप घण मारतात तिथून हाकेच्या अंतरावर फळा. शाळा आली की मागोमाग बाकीचे प्रश्न आले: रेशन कार्ड, मतदार यादीत नाव, अपघाताची भरपाई. ज्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याच्यासाठी हे तीन कागद म्हणजे मुकादमाच्या वहीबाहेरचं पहिलं अस्तित्व असतं. वाघोलीत नंतर पुणं येऊन भिडलं, इमारती उठल्या आणि खाणी हटल्या. खडीची भूक तेवढीच राहिली, ती बाकीच्या तालुक्यांतून भागते.

आंबेगावात आणि जुन्नरात तो मजूर आज कुठे जाऊ शकतो? खाणीच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारं महासंचालनालय केंद्राचं, त्याचं मुख्यालय अजून धनबादलाच. खाणीचा परवाना महसूल खात्याकडून. मजुरीची तक्रार पुण्यात. त्यामुळे तालुक्यात एक जागा उरते, ती घोडेगावचं न्यायालय; जुन्नरकरांना जुन्नरचं. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, तो नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यात मोफत वकील मिळण्यास पात्र लोकांची यादी आहे: बाया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमाती, वेठबिगारीत अडकलेले, औद्योगिक कामगार. खाणीवरचा माणूस यांतल्या एका तरी ओळीत सापडतोच. अर्ज साध्या कागदावर चालतो.

आणि एक कलम तर प्रत्येक पालावर वाचून दाखवावं असं आहे. खाणीत माणूस मेला की मालक रात्रीत काही हजार रुपये बाईच्या हातावर ठेवतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, आणि गावात ‘मिटलं’ असं सांगितलं जातं. १९२३ च्या भरपाई कायद्यात जे आठवं कलम होतं आणि जे आता कामगार संहितेत आलं आहे, त्याने हे मिटत नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, थोडी आगाऊ मदत सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही. अंगठा घेतला असला तरी दावा जिवंत राहतो. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी सरकारला हे सुचलं होतं, कारण गरीब बाईला एका रात्रीत गप्प बसवता येतं.

राज्याच्या बांधकाम कामगार मंडळानेही मधल्या काळात आपली यादी वाढवली. दगड कापणं, फोडणं आणि त्याचा बारीक चुरा करणं ही कामं तिच्यात आली. नोंदणीला मागच्या वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. ठेकेदार सही करायला कचरतो, कारण सही केली की मजूर आपल्याकडे होता हे तो लिहून देतो. ग्रामसेवकालाही हा दाखला देता येतो, पण खाणीवरचं बिऱ्हाड गावच्या कुठल्याच नोंदीत नसतं, म्हणून तो ‘तुम्ही इथले नाही’ म्हणतो. आता नोव्हेंबर २०२५ पासून खाण कायदा आणि बांधकाम कामगार कायदा दोन्ही एकाच कामगार संहितेत आले आहेत. दोन खिडक्यांची एक खिडकी झाली, तर दगडफोड्याला तिथे उभं राहता यायला हवं. तोवर मालकाने कायद्याप्रमाणे ठेवायचं कामावरच्या माणसांचं रजिस्टर हाच सगळ्यांत उपयोगी कागद आहे. अपघात झाला की खाणीवरून तोच आधी गायब होतो. म्हणून त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, तारखेसकट, आपल्याजवळ ठेवावा, हे खाणीवर जाणाऱ्या कार्यकर्त्याने पहिल्याच भेटीत सांगायला हवं.